वरचा बर्फ

“तुजा बरफ नको आमाला,” हिराबाय म्हणाली, आणि रिकाम्या टोपल्या परत बैलगाडीत टाकायला लागली.

मी बर्फाच्या कारखान्याच्या फलाटावर उभी होते. हातात आकडा होता. आकडा म्हणजे बर्फाची लादी ओढायचा लोखंडी हुक. बारा लाद्या काढून तयार ठेवल्या होत्या आणि त्यांना पाणी सुटायला लागलं होतं. हिराबायच्या मागे किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या सात-आठ कोळणी उभ्या होत्या. हिराबाय त्यांची पुढारी. ती नको म्हणाली की सगळ्यांचं नको.

“का नको?” मी विचारलं.

“अमोनिया हाय त्यात. आनि मळका हाय. काल माज्या कानांनी आयकलाय.”

“कोन म्हनाला?”

“तुजा तो चष्मेवाला सायेब. तू बाजूलाच होतीस. मान हालवत होतीस.”

मी मान हलवत होते हे खरं होतं.

ही गोष्ट साठ ते सत्तर सालांच्या मधली. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राच्या भिंती वर येत होत्या आणि बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती. आमचा बर्फाचा कारखाना बोईसरहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. माझा नवरा तिथे टाकीवर काम करायचा. तो तापाने गेला तेव्हा मालकाने मला झाडलोटीला ठेवलं. मी चौथी शिकलेली. पण झाडता झाडता टाकीचं काम बघत होते आणि शिकत होते. पुढे नवऱ्याच्या जागी आलेला टाकीवाला अणुकेंद्राच्या कामावर निघून गेला. मालकाला दुसरा माणूस मिळेना, म्हणून त्याने टाकी माझ्या ताब्यात दिली. त्याला तीन महिने झाले होते. मालकाच्या मेव्हण्याला ती जागा हवी होती आणि तो रोज काही ना काही खुसपट काढत होता.

बर्फ कसा करतात ते थोडक्यात सांगते. एक मोठी टाकी असते. तिच्यात मिठाचं पाणी. त्याला ब्राइन म्हणतात. मिठाचं पाणी सहज गोठत नाही, म्हणून ते खूप थंड करता येतं. ते थंड करायला टाकीत लोखंडी पाइप फिरवलेले असतात आणि पाइपात अमोनिया नावाचा गॅस असतो. मग विहिरीच्या गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे लांब डबे त्या ब्राइनमध्ये सोडतात. डब्यातलं पाणी गोठतं आणि लादी तयार होते. झालं.

यात अमोनिया आणि बर्फ यांची कधी गाठ पडत नाही. पडली तर कारखाना बसला म्हणून समजा. पाइप गळला की अमोनिया ब्राइनमध्ये उतरतो, ब्राइन उडून डब्यात जातं, आणि लादीला वास येतो. तो वास माशाला लागतो. मुंबईचा व्यापारी टोपली उघडतो, नाक मुरडतो आणि सगळा माल फेकून देतो. म्हणून किनाऱ्यावर अमोनिया हा शब्द कोणी सहज उच्चारत नसे. हिराबायने तर तो सगळ्यांसमोर उच्चारला होता.

आवाज ऐकून मालक ऑफिसातून बाहेर आले.

“काय गडबड आहे?”

“तुमचा बरफ नासका हाय, शेठ,” हिराबाय म्हणाली. “आनि ही घिवलीची असून घिवलीच्याच पोटावर पाय देते.”

मालकांनी मला बाजूला घेतलं. “यमुना, कोण साहेब आला होता काल? कोणाला विचारून आत घेतलास?”

“कोणाला नाही.”

“आरोग्य खात्याचा होता का?”

“नाही. आकाशाचा होता.”

मालक माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “हे बघ. दुपारच्या भरतीला होड्या येतायत. त्याच्या आत घिवलीच्या गाड्या भरून गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर उद्यापासून टाकीवर मेव्हणा येईल. तू झाडू धर.”

यात तडजोडीला जागा नव्हती. अडचण हिराबायचीही होती. त्या आठवड्यात पापलेट भरपूर लागत होतं. दुसरा बर्फ मिळाला तर पालघरला. बैलगाडी पालघरला जाऊन परत येईपर्यंत किनाऱ्यावरचं पापलेट मऊ पडलं असतं. तिला हे माझ्याहून जास्त कळत होतं. तरी ती टोपल्या भरत होती. एवढी ती घाबरली होती. ती घाबरली की तिचा आवाज चढतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

आता आदल्या दिवशी काय झालं ते सांगते.

सकाळी एक गृहस्थ सायकलवरून आले. पांढरा शर्ट, जाड चष्मा, खांद्याला पिशवी. नाव सामंत. मुंबईच्या कॉलेजात शिकवायचे. सुट्टीत जवळच्या सालवड गावी बहिणीकडे आले होते; बहिणीचे यजमान अणुकेंद्राच्या बांधकामावर होते. ते म्हणाले, “बाई, तुमच्या पाइपांवर दव गोठून पांढरा थर येतो ना, तो बघायचा आहे.”

मी म्हटलं, “तो आम्ही खरवडून काढतो. बघण्यासारखं काय आहे त्यात?”

“सगळंच,” ते म्हणाले.

माणूस वेडा नव्हता. नुसता आनंदी होता. असा माणूस कारखान्यात क्वचित येतो, म्हणून मी आत घेतलं. त्यांनी पिशवीतून दोन दोरे काढले. एक पांढरा, एक कंदिलाच्या काचेवरची काजळी फासलेला. दोन्ही दोरे थंड पाइपाशेजारी टांगले. कशावर बर्फ आधी बसतो ते त्यांना बघायचं होतं. आम्ही बघत बसलो. दोन्हींवर सारखाच बसला.

“फुकट गेला की हो खटाटोप,” मी म्हटलं.

“छे! फरक पडत नाही हे कळलं,” ते म्हणाले आणि वहीत लिहून ठेवलं.

मग त्यांनी मला विचारलं, “यमुनाबाई, दोन ताऱ्यांच्या मधे काय असतं?”

“काळोख.”

“आणि त्या काळोखात?”

“दिसलं तर सांगीन ना.”

त्यावर ते जे बोलले ते असं. ताऱ्यांच्या मधे विरळ गॅस आहे आणि धूळ आहे. धूळ म्हणजे आपल्या अंगणातल्यासारखी नव्हे. उन्हाच्या तिरपेत जे कण तरंगताना दिसतात, त्यांच्याहूनही कितीतरी बारीक. तिथे थंडी अशी की आमची टाकी तिच्यापुढे चूल म्हणायची. त्या धुळीच्या कणांवर बर्फ बसतो.

मी विचारलं, “तिथे पाणी कोण नेऊन ओततं?”

सामंत सर जागचे उठले. “हाच तर प्रश्न आहे! पाणी जातच नाही. पाण्याचे सुटे भाग येतात. हायड्रोजन वेगळा, ऑक्सिजन वेगळा. एकेक अणू भटकत येतो, कणावर चिकटतो. दुसरा येतो. दोघांची गाठ पडते आणि पाणी तिथेच तयार होतं. तयार होताना गोठलेलंच.”

“म्हणजे धुळीचा कण हाच डबा.”

“हो! फक्त तुमच्या डब्यात बर्फ आतल्या बाजूला होतो आणि तिथे बाहेरच्या.”

“आणि एक लादी व्हायला किती वेळ?”

“लादी विसरा. पातळ थर व्हायला लाखो वर्षं.”

“मग तुमचा मालक चांगला आहे,” मी म्हटलं. “आमचा अठरा तासांत मागतो.”

ते पोट धरून हसले. मग त्यांनी एका कडेच्या लादीवर हात फिरवला आणि म्हणाले, “पण वरचा बर्फ मळका असतो, यमुनाबाई. आम्ही त्याला मळका बर्फच म्हणतो. त्यात अमोनिया असतो, मिथेन असतो, धूळ तर असतेच. सगळं एकत्र.” मी मान हलवली. तेवढ्यात मिस्त्रीने कॉम्प्रेसर चालू केला. कॉम्प्रेसर म्हणजे अमोनिया दाबणारं यंत्र. ते सुरू झालं की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. त्या धडधडीत सर पुढे म्हणाले, “तुमच्यासारखा स्वच्छ नाही तो.”

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, कारण मी त्यांच्या तोंडाजवळ होते. हिराबाय उघड्या दाराबाहेर फलाटावर बसली होती, तिथून आम्ही दोघं दिसत होतो. तिला ते ऐकू गेलं नाही. पण हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की तिने सरांचं बोलणं अर्धवट ऐकलंय; ते आमच्याच बर्फाबद्दल आहे असं तिला का वाटलं, ते कळलं नव्हतं.

मालक गेल्यावर मी आधी मिस्त्रीला हाक मारली. रामसजीवन मिस्त्री उत्तरेकडचा. मशीन त्याच्याकडे, टाकी माझ्याकडे.

“मिस्त्री, पाइप गळत नाही ना?”

“बाई, हम पर शक कर रही हो?”

“शक नाही. तपासायचं आहे. गंधक आण.”

गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं धरून चालायचं नसतं. खरंच गळत असेल तर काय, हा विचार माझ्याही डोक्यात होता. अमोनियाची गळती शोधायची आमची रीत सोपी. गंधकाची वात पेटवायची आणि पाइपाच्या प्रत्येक जोडाजवळून फिरवायची. गळत असेल तिथे दाट पांढरा धूर उठतो. आम्ही टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वात फिरवली. मी गुडघ्यावर बसून खालचे जोडही बघितले. धूर उठला नाही. गंधकाने घसा तेवढा बसला.

“देखा?” मिस्त्री म्हणाला.

“मी देखा. हिराबायने कुठे देखा?”

तिला आत बोलावलं असतं तर ती म्हणाली असती, तुमचीच वात, तुमचाच धूर. म्हणून मी मिस्त्रीला सायकलवर सालवडला पाठवलं. म्हटलं, सरांना असतील तसे घेऊन ये. ज्यांनी आग लावली त्यांनीच विझवावी.

सर आले ते अर्धी दाढी केलेले. एका गालावर साबण सुकलेला. मी त्यांना एवढंच सांगितलं, “सर, कालचं ते बर्फाचं या बायकांना समजावून सांगा. त्यांचा गैरसमज झालाय.” ही माझी चूक. काय गैरसमज झालाय ते मी सांगितलं नाही, कारण मलाच नीट माहीत नव्हतं.

सरांना एवढंच कळलं की बायकांना बर्फाबद्दल ऐकायचं आहे. त्यांचा चेहरा फुलला. ते फलाटावर चढले.

“बायांनो, या बर्फात अमोनिया असतो का? तर असतो!”

मागे मालक उभे होते. त्यांनी भिंत धरली.

“आयकलंत?” हिराबाय बायकांना म्हणाली.

“आणि धूळ?” सर म्हणाले. “धुळीशिवाय हा बर्फ होऊच शकत नाही. आत धूळ असते, तिच्यावर बर्फ.”

“देवा रे,” एक बाई म्हणाली. “आनि हा आमी म्हावऱ्यावर टाकतो.”

“आणि यावर ताऱ्यांचा प्रकाश पडून त्यात आणखी नवे पदार्थ तयार होत असतील, असं माझं मत आहे!”

“सायेब, आनकी काय काय हाय ते बी सांगून टाका,” हिराबाय म्हणाली. “उंदीर-घुशी हायत काय?”

सर गोंधळले. मालक माझ्याकडे बघत होते. मी सरांच्या शर्टाची बाही ओढून त्यांना खाली उतरवलं. आयुष्यात परक्या पुरुषाची बाही ओढली ती तेवढीच.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. हिराबायसमोर जाऊन उभी राहिले.

“काल तू काय आयकलंस? जसंच्या तसं सांग. तुजं काय घालू नको त्यात.”

“सायेब म्हनाला, वरचा बरफ मळका हाय. वरच्या बरफात अमोनिया हाय.”

“वरचा म्हंजे कुठचा?”

“वरचा म्हंजे वरचा! थप्पीवरचा! तू मला नेहमी वरच्याच लाद्या देतेस. खालच्या चांगल्या लाद्या त्या पालघरवाल्यांसाठी ठेवतेस. मला काय कळत नाय?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे लाद्या एकावर एक रचतात. त्याला थप्पी म्हणतात. घिवलीवाल्या सकाळी पहिल्या येतात, म्हणून त्यांना वरच्या लाद्या जातात. खालच्या काढायला वरची थप्पी पाडावी लागते. यात दुसरं काही नव्हतं. पण हिराबायच्या मनात ही गोष्ट आधीपासून होती. सरांच्या तोंडून फक्त शब्द आला.

“सर,” मी म्हटलं, “काल तुम्ही वरचा बर्फ म्हणालात तो कुठचा?”

सरांनी आकाशाकडे बोट केलं.

सगळ्या बायकांनी वर बघितलं. लख्ख ऊन होतं.

“तिकडे बरफ हाय?” हिराबायने विचारलं.

“आहे. खूप लांब. ताऱ्यांच्या मधे.”

“तुमी बगितलाय?”

“नाही. अजून कोणीच बघितलेला नाही. आम्ही तर्काने म्हणतो.”

“आनि त्याच्यापायी माजं म्हावरं नासायची येळ आली!”

बायका हसायला लागल्या. मालकही हसले. मला वाटलं, सुटलो. पण हिराबाय हिराबायच. ती म्हणाली, “वरच्याचं ऱ्हाऊ दे. ह्याच्यात नाय कशावरून?”

सर म्हणाले, “लिटमस पेपर लावला की लगेच कळेल. माझ्या कॉलेजात आहे.”

“कॉलेज कुठं?”

“मुंबईत.”

“तोवर म्हावऱ्याचं लोणचं होईल.”

तेव्हा मला हळद आठवली. एकदा स्वयंपाक करून तशीच कामावर आले होते. पदराला हळदीचे डाग होते. त्या दिवशी मशीनजवळचा एक जोड गळत होता. मी तिथे वाकले आणि डाग लालभडक झाले. मी घाबरले होते, मग लक्षात आलं. आमची आई हळदीत चुना घालून घरी कुंकू करायची. चुन्याने हळद लाल होते तशी अमोनियानेही होते. मी हे सरांना विचारलं.

“अगदी बरोबर!” सर म्हणाले. “हळद म्हणजे घरचा लिटमस पेपर!”

“हळद कारखान्याची नको,” हिराबाय म्हणाली. तिने समोरच्या खानावळीतून स्वतः हळद आणली. लादीही तिनेच निवडली. थप्पीवरची, सगळ्यात वरची. टोचा घेऊन तिनेच ती फोडली. मग तळहातावर हळदीची चिमूट घेतली, दुसऱ्या हातातला बर्फाचा तुकडा मुठीत दाबून तिच्यावर पाणी पाडलं आणि अंगठ्याने मळलं.

हळद लाल झाली.

अगदी लाल. लग्नातल्या कुंकवासारखी.

मिस्त्री “हे राम” म्हणाला. मालक बाकावर बसले. सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. हिराबायच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. खरं निघालं याचंच तिला वाईट वाटलं असावं, कारण आता पालघरला जायचं होतं. माझ्या मनात आलं, झाडू कुठे ठेवलाय.

पण गंधकाचा धूर उठला नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. हळद लाल व्हावी इतका अमोनिया असेल तर नाकात झिणझिण्या आल्या पाहिजेत. मी हिराबायचा हात धरला आणि नाकाशी नेला.

तंबाखूचा वास आला.

“तू तंबाकू मळलीस?”

“मंग? सकाळपासून तेवडाच आदार हाय.”

“कदी मळलीस?”

“आता, हळद आनायला गेली तवा.”

“चुना लावून?”

“चुन्याबिगर कोन मळतं?” हिराबाय म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. आपल्या तळहाताकडे बघितलं. अंगठ्याच्या नखात पांढरा चुना होता.

पहिली हसली ती तिच्याच मागची बाई. “हिराबाय, तू बरफ तपासलास का तुजी तंबाकू?” मग सगळा फलाट हसला. बैलगाडीवालाही हसला. हिराबायने आधी सगळ्यांना दोन शिव्या दिल्या, मग ती स्वतःच फलाटावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सर तर हसत हसत वहीत लिहीत होते.

पण मी तेवढ्यावर सोडलं नाही. हसण्याने शंका जात नाही. तिला साबणाने हात धुवायला लावले, आणि साबणानेही हळद लाल होते म्हणून ते साध्या पाण्याने तीनदा खळबळायला लावले. मग मिस्त्रीच्या चहाच्या दोन बशा आणल्या. एका बशीत त्याच लादीचं पाणी. दुसऱ्या बशीत मिस्त्रीने मशीनमधून थोडा अमोनिया सोडलेलं पाणी. ती बशी आणली तेव्हाच सगळे नाक दाबून मागे सरले. दोन्हींत हिराबायनेच हळद टाकली. अमोनियाची बशी टाकल्याबरोबर लाल झाली. बर्फाची बशी पिवळीच राहिली. आम्ही थांबलो. बैलाने शेपूट दोनदा आपटलं. तरी पिवळी.

“पिवळी हाय,” हिराबाय म्हणाली. ते तिने बायकांना सांगितलं, मला नाही.

लगेच टोपल्या खाली उतरल्या. मी आकडा उचलला.

बर्फ चुरून टोपल्यांत भरेपर्यंत सर तिथेच थांबले. हिराबायने एका फुटलेल्या लादीतला मधला पांढरा भाग दाखवला आणि विचारलं, “मंग हा मळ कसला?” हे सरांनाही माहीत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. डब्यात पाणी बाहेरून आत गोठत जातं. गोठताना ते क्षार, हवा, जो काही मळ असेल तो आत ढकलत नेतं. शेवटी सगळं मधे गोळा होतं. त्याला आम्ही गाभा म्हणतो. लादी पुरी व्हायच्या आधी गाभ्याचं पाणी पंपाने ओढून काढायचं आणि चांगलं भरायचं. तरी थोडा पांढरेपणा राहतो. तो हवेचा. त्याने माशाला काही होत नाही.

सर ऐकत होते. “म्हणजे तुमचा बर्फ गोठताना स्वतःला निवडून घेतो,” ते म्हणाले. “वरच्या बर्फाला ते जमत नाही. तिथे इतकी थंडी की जो जिथे येऊन चिकटला तो तिथेच. सरकायला जागा नाही. म्हणून पाणी, अमोनिया, सगळं एकमेकांत अडकलेलं. म्हणून मळका.” त्यांनी वही मिटली. “हे वर्गात सांगायला मला अख्खा तास लागतो आणि तरी मुलं झोपतात.”

“मग वर्गात लादी न्या,” मी म्हटलं.

“सायेब,” हिराबाय टोपली डोक्यावर घेत म्हणाली, “तुमच्या वरच्या बरफात अमोनिया हाय ना? तिकडं हळद टाकली तर कुंकू होईल काय?”

सरांनी खरोखर विचार केला. “इतक्या थंडीत नाही होणार. पण तो बर्फ इथे आणून वितळवला तर होईल.”

“मंग आनाल तवा सांगा. हळद मी देईन.”

गाड्या भरतीच्या आधी निघाल्या. त्या दिवशी घिवलीला पापलेट खूप आलं आणि सगळं ताजं मुंबईला पोचलं. संध्याकाळी मालक टाकीवर आले. मला वाटलं, शाबासकी देतील. ते म्हणाले, “यापुढे आकाशाची माणसं आत घ्यायची नाहीत.” एवढंच. मेव्हण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. टाकी माझ्याकडेच राहिली. ती मी सोडली तेव्हा माझे केस पांढरे झाले होते.

हिराबायने मात्र दुसऱ्या दिवशीपासून खालची लादी मागायला सुरुवात केली. मी म्हटलं, सगळ्या सारख्याच आहेत. ती म्हणाली, “हायत ना सारक्या? मंग खालची दे.” मी थप्पी उलटी रचायला लागले. खालची वर आली आणि ती खूश झाली.

काही वर्षांनी सरांचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं की परदेशात मोठ्या दुर्बिणींनी वरचा बर्फ खरोखर शोधून काढला. पाण्याचा बर्फ आहे हे नक्की झालं. अमोनियाचं मात्र अजून नक्की नाही, असलाच तर आम्ही म्हणत होतो त्याहून कमी असेल. मी ते कार्ड हिराबायला वाचून दाखवलं.

तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “म्हंजे त्यांचं बी आयकीवच होतं.”

मी चाळीसेक वर्षं बर्फात काढली. गिऱ्हाईकं चिडलेली पुष्कळ बघितली. चिडलेल्या माणसाला आपण लगेच आपलं खरं सांगायला धावतो. मीही गंधक लावला, साहेब बोलावला, भाषण करवलं. यात सगळी सकाळ गेली आणि माणूस जास्तच चिडला. त्याने काय ऐकलंय हे आधी विचारायचं असतं. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि लाद्या वितळत नाहीत. त्या दिवशी दोन लाद्या पाणी होऊन गटारात गेल्या. त्या मालकांनी माझ्या नावावर टाकल्या, आणि बरोबरच केलं.